पुतळा रस्त्यावर, पण मालक कोण? ईस्ट ससेक्सच्या स्मारकांवरून समजून घेऊ

रस्त्यावरचा पुतळा सगळ्यांचा, असं आपण धरून चालतो. तो चोरीला गेला, त्याचा हात तुटला किंवा कुणी त्यावर रंग ओतला, की मग खरा प्रश्न उभा राहतो: तक्रार कुणी करायची आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे? इंग्लंडमध्ये याला एक असं उत्तर नाही. एकाच गावात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन स्मारकांचे मालक वेगळे, त्यांना लागू होणारे कायदे वेगळे आणि डागडुजीची पद्धतही वेगळी असू शकते. हा गुंता पुस्तकी भाषेत सांगितला तर झोप येईल. म्हणून एकच काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, घेऊ, दक्षिण किनाऱ्यावरची ईस्ट ससेक्स, आणि तिथली मोजकी स्मारकं नीट पाहू. ही काउंटी निवडण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे. तिथल्या एका टेकडीवर मुंबईच्या एका तरुण वास्तुरचनाकाराने आखलेलं स्मारक उभं आहे, आणि त्याची माहिती मराठीत फारशी वाचायला मिळत नाही.

आधी नकाशाचा घोळ निस्तरू. ब्रायटन हे ईस्ट ससेक्सचं सगळ्यात मोठं शहर, पण काउंटीच्या कौन्सिलची तिथे सत्ता चालत नाही. १९९७ पासून ब्रायटन आणि शेजारचं होव्ह यांची मिळून वेगळी पालिका आहे. पुणे शहर पुणे जिल्ह्यातच असतं, पण शहराचे रस्ते जिल्हा परिषद पाहत नाही, तसंच हे. लुईस, हेस्टिंग्ज, ईस्टबोर्न यांचा कारभार पुन्हा वेगळा. तेव्हा 'काउंटीतली स्मारकं' असं म्हटलं तरी ती सांभाळणारे हात बरेच असतात.

टेकडीवरची छत्री

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनमध्ये इस्पितळं उघडली गेली. एक इस्पितळ होतं चक्क रॉयल पॅव्हिलियनमध्ये. घुमट-मिनारांचा हा राजवाडा चौथ्या जॉर्जने हौसेने बांधून घेतला होता. आता त्याच्या दिवाणखान्यांत, झुंबरांखाली खाटा लागल्या. शहराचं गरीबखानाही रिकामं करून त्याचं 'किचनर इंडियन हॉस्पिटल' केलं. डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभरात ब्रायटनच्या इस्पितळांतून जवळपास १२,००० हिंदी सैनिक गेले. पॅव्हिलियनच्या आवारात जाती-धर्मांप्रमाणे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याच्या तोट्याही वेगळ्या होत्या. यात काळजी होती, तसाच प्रचारही होता. साम्राज्य आपल्या शिपायाला किती जपतं, हे हिंदुस्थानात दिसावं म्हणून या इस्पितळांचे फोटो मुद्दाम काढून वाटले गेले.

जे सैनिक दगावले त्यांपैकी मुसलमानांना शेजारच्या सरे काउंटीत वोकिंगला नेऊन दफन करत, कारण तिथे शाहजहान मशीद होती. हिंदू आणि शीख सैनिकांसाठी शहराबाहेर पॅचमजवळच्या डोंगरउतारावर दहनाची जागा केली. तिथे ५३ जणांवर अंत्यसंस्कार झाले आणि त्यांच्या अस्थी समुद्रात सोडल्या गेल्या.

या जागेवर स्मारक व्हावं, ही कल्पना ऑगस्ट १९१५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लेफ्टनंट दासगुप्ता यांनी ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे मांडली. ऑटरनी ती उचलून धरली. आराखडा केला ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुणाने, आणि त्यांच्यावर देखरेख होती जयपूरमध्ये हयात घालवलेल्या सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांची. प्रत्यक्ष बांधकाम १९२० मध्ये झालं. खर्च आला ४,९६४ पौंड, तो इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं खातं) आणि ब्रायटनची पालिका यांनी वाटून घेतला.

वास्तू साधी आहे. सिसिलीहून आणलेला पांढरा संगमरवर, आठ खांब, त्यावर घुमट. समोर खाली ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा. जिथे सरण रचलं जाई त्या काँक्रीटच्या ओट्यांवरच या शिळा बसवल्या आहेत, आणि वर चढून आलेल्या माणसाच्या बरेचदा हेच ध्यानात येत नाही. डोळा जातो घुमटाकडे; पण स्मारकाचं खरं कारण पायाशी आहे. शिलालेख इंग्रजीबरोबर हिंदी, पंजाबी आणि उर्दूतही आहे. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छत्री आपल्याकडे राजा-सरदारांच्या दहनाच्या जागी बांधत. इथे ती शिपायांसाठी बांधली गेली.

१ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, तिचं अनावरण केलं. हाच राजपुत्र त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. असहकाराचे दिवस होते. शहरात बहिष्कार, हरताळ आणि दंगली झाल्या. दोनच दिवसांनी त्याने पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली, ज्या स्मारकासाठी राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. एकाच वर्षातलं हे अनावरण आणि ही कोनशिला एकत्र ठेवून पाहिलं, की सरकार स्मारकांकडे किती हिशेबाने पाहत होतं ते कळतं. ब्रायटनमध्येही त्याच ऑक्टोबरात पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या हस्ते पॅव्हिलियनच्या दक्षिण बाजूचं दगडी प्रवेशद्वार खुलं झालं. ब्रायटनकरांनी केलेल्या शुश्रूषेबद्दल हिंदुस्थानने दिलेली ती भेट होती.

(छत्रीपाशी मराठा पलटणींच्या खुणा शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. त्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या. सहाव्या पूना डिव्हिजनने तिथल्या कुत या गावी वेढा सोसला आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करली, तो इतिहास वेगळा.)

पुढची कथा तितकीशी शोभेची नाही. दुसऱ्या महायुद्धात हा डोंगरभाग लष्कराने सरावासाठी ताब्यात घेतला, आणि छत्रीवर गोळ्यांच्या खुणा उमटल्या. ज्या सैन्यासाठी ही माणसं मेली त्याच सैन्याच्या सरावात त्यांचं स्मारक जखमी झालं. युद्धानंतर दुरुस्तीचा खर्च युद्धखात्याने दिला. १९५१ पासून ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संघटना दरवर्षी तिथे श्रद्धांजलीला जाऊ लागली. १९९९ नंतर लीजनने हा शिरस्ता थांबवला, तेव्हा स्थानिक भारतीयांनी पुढे होऊन तो चालू ठेवला. आजही जूनमधल्या एका रविवारी तिथे लोक जमतात.

आता मालकीकडे येऊ. छत्री आहे ब्रायटन आणि होव्हच्या पालिकेकडे. पण तिच्याच बाजूला एक छोटी दगडी भिंत आहे, तिच्यावर ५३ नावं कोरलेली आहेत. ती २०१० मध्ये उभी राहिली आणि ती पालिकेची नाही. ती आहे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. म्हणजे नव्वद वर्षं तिथे छत्री होती, पण ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या एकाचंही नाव त्या जागी नव्हतं. ती नावं होती फ्रान्समध्ये, न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर. चार पावलांच्या अंतरावरची ही दोन बांधकामं. एकाचा दगड निखळला तर पालिकेला कळवायचं, दुसऱ्याचा निखळला तर कमिशनला.

'करू शकते' आणि 'केलंच पाहिजे'

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, खुद्द इंग्लंडमध्येसुद्धा. लोकांना वाटतं, युद्धस्मारक म्हटलं की ते वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. तसं नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेलं हे कमिशन सांभाळतं ते सैनिकांच्या थडग्यांना, आणि ज्यांना थडगंच नाही त्यांच्या नावांसाठी कमिशनने स्वतः उभारलेल्या स्मारकांना. गावच्या चौकातला स्मृतिस्तंभ त्यांच्या कक्षेत येत नाही.

मग तो कुणाचा? याचं उत्तर १९२० च्या सुमाराच्या धांदलीत आहे. युद्ध संपलं आणि गावागावांत समित्या बसल्या, वर्गणी गोळा झाली, शिल्पकार ठरला, अनावरणाला सेनापती आला, हार वाहिले गेले. आणि काम झालं म्हणून समिती बरखास्त! स्मारक पुढे कुणी पाहायचं हे कागदावर उतरवायचं बऱ्याच ठिकाणी राहून गेलं. ब्रिटनभर अशी सुमारे १ लाख युद्धस्मारकं असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या कित्येकांचा कायदेशीर मालक शोधताना आज वकिलांच्याही नाकी नऊ येतात.

या पेचावर १९२३ मध्ये संसदेने एक छोटा कायदा केला. त्यानुसार स्थानिक पालिकांना युद्धस्मारकांच्या देखभालीवर पैसे खर्च करता येऊ लागले. सगळी मेख 'करता येऊ लागले' या शब्दांत आहे. पालिका खर्च करू शकते. तिने केलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. १९४८ मध्ये हीच सोय दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकांनाही लागू झाली. श्रीमंत पालिका आणि जागरूक नागरिक असतील तर स्मारक चकचकीत राहतं. नसतील तर शेवाळ चढतं. १९९७ मध्ये वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सुरू झाली ती हीच फट बुजवायला. ती सल्ला देते, आणि दुरुस्तीसाठी अनुदानही देते.

ब्रायटनच्या ओल्ड स्टीन चौकातलं स्मारक १९२२ चं. जॉन सिम्पसन यांनी रोमन धाटणीचे खांब आणि पाण्याचं कुंड अशी त्याची रचना केली. त्यावर २,५९७ पुरुष आणि ३ स्त्रियांची नावं आहेत. लुईसचं स्मारकही १९२२ चंच, व्हर्नन मार्च यांनी केलेलं. उंच खांबावर ब्राँझची विजयदेवता, आणि ते उभं आहे भर उतारावरच्या हाय स्ट्रीटमध्ये, रहदारीच्या अगदी मधोमध. ही दोन्ही नशीबवान स्मारकं म्हणायची. शहराच्या दर्शनी जागी असलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं पालिकेला परवडत नाही.

स्मारक चर्चच्या आवारात असेल तर आणखी एक मजल चढावी लागते. तिथला दगड हलवायचा, नाव घालायचं, नुसतं स्वच्छ करायचं म्हटलं तरी चर्चच्या स्वतःच्या न्यायव्यवस्थेची परवानगी लागू शकते. बिशपच्या क्षेत्रासाठी एक न्यायाधीश असतो, तो ती देतो. एकविसाव्या शतकात हे विचित्र वाटतं खरं, पण चर्चच्या आवारातले जुने दगड शाबूत राहण्यात या किचकटपणाचा वाटा मोठा आहे.

दर्जा मिळतो, पैसे मिळत नाहीत

'हे स्मारक लिस्टेड आहे' असं इंग्लंडमध्ये वारंवार ऐकू येतं. याचा अर्थ काय? हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था शिफारस करते, मंत्री मान्यता देतो, आणि वास्तू राष्ट्रीय यादीत चढते. दर्जे तीन: पहिला, दुसरा-तारांकित आणि दुसरा. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त वास्तू शेवटच्या दर्जात आहेत. छत्रीही त्यातच, १९७१ पासून.

यादीत आल्यावर मालकाला विशेष परवानगीशिवाय ती वास्तू पाडता येत नाही, आणि तिच्या स्वरूपाला धक्का लागेल असा बदलही करता येत नाही. केला तर तो फौजदारी गुन्हा. पण यादीत नाव आलं म्हणून सरकार दुरुस्तीला पैसे देईल, या भ्रमात राहू नये. उलट मालकाचा खर्च वाढतो, कारण आता स्वस्तातलं सिमेंट फासून चालत नाही, मूळ जातीचा चुना आणि त्याच खाणीचा दगड शोधावा लागतो. यादी फक्त जुन्यांची असते असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरची ४१ सार्वजनिक शिल्पं एका दमात संरक्षणाखाली आणली गेली. त्याआधी अशी कितीतरी शिल्पं विकली गेली, चोरीला गेली किंवा पुनर्विकासात मोडीत निघाली होती.

काही गोष्टी या यादीतही बसत नाहीत. विल्मिंग्टनचा 'लाँग मॅन' घ्या. विंडोव्हर टेकडीच्या उभ्या उतारावर २३५ फुटी माणसाची बाह्याकृती आहे, दोन हातांत दोन उंच काठ्या. याला पुतळा म्हणावं, चित्र म्हणावं की टेकडी? कायद्याने तो 'शेड्यूल्ड' म्हणजे संरक्षित प्राचीन अवशेष आहे, आणि हे संरक्षण लिस्टिंगपेक्षा कडक असतं. मालकी ससेक्सच्या पुरातत्त्व सोसायटीकडे. १९२५ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरने ही जागा तिच्या हवाली केली.

तो हजारो वर्षांपूर्वीचा आहे, रोमन आहे, सॅक्सन आहे, असे तर्क पिढ्यान् पिढ्या चालत आले. २००३ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी टेकडीच्या पायथ्याशी खणून पाहिलं. युक्ती साधी होती: वर आकृती कोरताना खडूच्या दगडाचा जो चुरा निघाला तो पावसाने खाली वाहून आला असणार, तेव्हा तो मातीच्या कुठल्या थरात सापडतो ते पाहायचं. तो थर निघाला सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे आपल्या शिवकाळाच्या थोडासा अलीकडे-पलीकडे! काहींचा हिरमोड झाला. मला मात्र तो यामुळे जास्तच आवडतो, कारण मग प्रश्न उरतो की त्या काळात एवढा खटाटोप कुणी आणि का केला असावा.

जवळून पाहिलं की आणखी एक गंमत कळते. आज दिसणारी पांढरी रेघ खडूची नाहीच. गवतात बुजत चाललेली आकृती १८७४ मध्ये विटांनी आखून घेतली, आणि १९६९ मध्ये विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे बसवले. त्यांना वेळोवेळी पांढरा रंग काढावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण पटू नये म्हणून तोच हिरवा रंगवून झाकला होता. २००७ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी शंभरेक बायका पांढरे कपडे घालून उतारावर आडव्या झाल्या आणि त्यांनी या पुरुषाला तात्पुरती वेणी-वक्ष देऊन बाई केलं. त्यावर बराच गहजब झाला. जागेचे मालक एक, पण भावना सगळ्यांच्या, याचा हा नमुना. १ मेच्या पहाटे पायथ्याशी मॉरिस या इंग्रजी लोकनृत्याची मंडळी जमतात, तेही मालकीहक्काने नव्हे.

मीठ, भंगार आणि करवत

किनाऱ्यावरच्या काउंटीत शिल्पाचा पहिला शत्रू समुद्राची हवा. तिच्यातलं मीठ ब्राँझमधल्या तांब्याशी झटापट करतं, पृष्ठभागावर हिरवी-निळसर पुटं चढतात. काही हिरवेपणा संरक्षक असतो, काही आतून पोखरणारा. फरक ओळखायला जाणकार लागतो. ब्रायटनच्या चौपाटीवर दगडी धक्क्याच्या टोकाला हॅमिश ब्लॅक यांचं 'अफ्लोट' हे १९९८ चं शिल्प आहे. मधोमध भोक असलेलं प्रचंड ब्राँझ कडं. लोक त्याला सरळ 'डोनट' म्हणतात. मुद्दाम समुद्राच्या तोंडावर ठेवलेलं, त्यामुळे त्याचं हिरवं पडणं हा जणू रचनेचाच भाग झाला आहे. चौकातल्या विजयदेवतेला मात्र तसं सोडून चालत नाही. ब्राँझची निगा म्हणजे सौम्य साबणाच्या पाण्याने धुणं, कोरडं करणं आणि वर मेणाचा पातळ थर चढवणं. मेण हवा-पाणी अडवतं. काही काळाने पुन्हा तेच.

दगडाचं वेगळं. उत्साही स्वयंसेवक स्मारक दिनाच्या आधी जोराच्या फवाऱ्याने आणि ब्लीचने स्मारक घासतात, आणि एका सकाळी कोरीव अक्षरांचं जे नुकसान होतं ते पन्नास पावसाळ्यांत झालं नसतं. म्हणूनच जाणकार संस्था पुन्हापुन्हा सांगतात की शेवाळ दिसलं म्हणून लगेच हात लावू नका. संगमरवर आम्लाला फारच हळवा. वरचा थर साखरेसारखा भुरभुरीत होतो. छत्री नाजूक आहे ती यामुळे.

दुसरा शत्रू भंगारवाला. धावपटू स्टीव्ह ओव्हेट ब्रायटनचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पीटर वेब्स्टर यांनी केलेला त्याचा ब्राँझ पुतळा १९८७ पासून प्रेस्टन पार्कमध्ये धावण्याच्या पवित्र्यात उभा होता. २००७ मध्ये तो चोरांनी पायाशी कापून नेला. ब्राँझमध्ये बहुतांश तांबंच असतं, आणि तेव्हा जगभर तांब्याचे भाव चढले होते. पुतळ्याची किंमत कलेची. चोराला मिळणारे पैसे वजनाचे. नवा पुतळा २०१२ मध्ये बसवला तो उद्यानात नव्हे, तर मदेरा ड्राइव्हवर, समुद्रकाठच्या वर्दळीत. जागा बदलणं हासुद्धा सुरक्षेचाच उपाय असतो.

कायद्याने यावर जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. पुतळ्यांना पहारे बसवण्याऐवजी भंगाराच्या व्यवहारातली रोकड बंद केली. डिसेंबर २०१२ पासून भंगार रोखीने विकत घेता येत नाही, आणि २०१३ च्या कायद्याने भंगारवाल्याला परवाना घेणं आणि विकणाऱ्याची ओळख तपासून नोंदवणं सक्तीचं झालं. चोरी पूर्ण थांबली नाही, पण रात्रीचा पुतळा सकाळी गुपचूप नोटांत बदलणं अवघड झालं.

भिंत ज्याची, चित्र त्याचं?

ब्रायटन स्टेशनजवळच्या प्रिन्स अल्बर्ट या पबच्या भिंतीवर बँक्सी या स्वतःची ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराने २००४ मध्ये दोन पोलीस एकमेकांचं चुंबन घेताना रंगवले. परवानगी-बिरवानगी काही नाही. चित्र गाजलं. मग मूळ चित्र भिंतीवरून काढून कॅनव्हासवर घेतलं गेलं आणि २०१४ मध्ये मायामीत ५,७५,००० डॉलरला विकलं गेलं. आज पबच्या भिंतीवर पारदर्शक पत्र्याआड जे दिसतं ती प्रतिकृती आहे. पर्यटक तिचेही फोटो तितक्याच भक्तिभावाने काढतात.

असं चित्र नेमकं कुणाचं, यावर लंडनच्या उच्च न्यायालयात २०१५ मध्ये निकाल झाला. प्रकरण शेजारच्या केंट काउंटीतल्या फोकस्टनचं. बँक्सीचं चित्र असलेला भिंतीचा भाग भाडेकरूने कापून काढला आणि विकायला अमेरिकेला पाठवला. त्याचं म्हणणं, भिंत सुस्थितीत ठेवणं ही भाडेकरू म्हणून माझी जबाबदारीच आहे. न्यायालयाने सांगितलं, दुरुस्तीच्या नावाखाली चित्र कापून काढायचा हक्क तुला नाही, आणि निघालेला तुकडा घरमालकाचा. चित्र परत आलं. म्हणजे काढणारा चित्रकार, पाहणारं गाव आणि राहणारा भाडेकरू या तिघांनाही मागे टाकून हक्क गेला भिंतीच्या मालकाकडे. मला हा निकाल कायद्याला धरून वाटतो आणि तरी अपुरा वाटतो. ते चित्र गावाने पाहिलं नसतं तर त्याला किंमत कुठून आली असती?

परवानगीने येणाऱ्या नव्या कलेचा रस्ता निराळा आहे. बिल्डर मोठा प्रकल्प आणतो तेव्हा पालिका त्याच्याशी करार करते. १९९० च्या नियोजन कायद्यातल्या १०६ व्या कलमावरून त्याला तिथे 'सेक्शन १०६' म्हणतात. त्यात शाळा, रस्ते, परवडणारी घरं यांच्या बरोबरीने सार्वजनिक कलेसाठीही रक्कम मागता येते. बांधकाम खर्चाचा ठरावीक टक्का कलेला द्यावा हा आग्रह ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलने १९८८ पासून धरला. पैसे येतात हे चांगलंच. पण या वाटेने आलेल्या बऱ्याच शिल्पांना स्वतःचा चेहरा नसतो, इमारतीच्या माहितीपत्रकावर बरी दिसतील एवढीच त्यांची झेप. लोकांच्या वर्गणीतून आणि हट्टातून उभ्या राहिलेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. ब्रायटनच्या न्यू स्टीन बागेतलं २००९ चं एड्स स्मारक पाहा: रोमनी मार्क ब्रूस यांच्या ब्राँझच्या दोन मानवाकृती लाल फितीच्या वळणासारख्या वर झेपावतात. दर १ डिसेंबरला तिथे मेणबत्त्या लावून गेलेल्यांची नावं वाचली जातात.

आणि नको असलेली स्मारकं? लुईसच्या वरच्या टेकडीवर १९०१ चा एक स्तंभ आहे, १५५५ ते १५५७ मध्ये कॅथलिक राणी मेरीच्या काळात गावात जिवंत जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांचा. घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी तो उभारला, तेव्हा हेतू फक्त शोकाचा नव्हता हे उघड आहे. आजही ५ नोव्हेंबरच्या रात्री लुईसच्या मशाल-मिरवणुकीत १७ जळते क्रूस निघतात. स्तंभ शांत उभा असला तरी त्याचा विषय अजून गरम आहे. जून २०२० मध्ये ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाऱ्याचा, कोल्स्टनचा पुतळा जमावाने बंदरात ढकलल्यावर देशभर हा वाद पेटला. सरकारने 'ठेवा आणि समजावून सांगा' असं धोरण घेतलं. २०२२ च्या कायद्याने स्मारकाच्या नासधुशीला, नुकसान कितीही किरकोळ असलं तरी, १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. त्याआधी ५,००० पौंडांखालच्या नुकसानीला साध्या न्यायालयात जास्तीत जास्त तीन महिने होते. स्मारकावर ठेवलेली फुलं तुडवल्याबद्दलही आता जबर शिक्षा होऊ शकते, यावर तिथे टीकाही झाली, आणि ती मला पटते.

तिकडे जाणं झालंच तर दोन व्यवहारी गोष्टी. छत्रीपर्यंत गाडी जात नाही. पॅचमच्या पलीकडे, बाह्यवळण रस्त्याच्या वरच्या अंगाने मेंढ्यांच्या कुरणांतून चालत जावं लागतं. पाऊस झाला असेल तर खडूमिश्रित चिखल बुटांना घट्ट चिकटतो, तेव्हा साधे बूट नकोत. आणि फोटोंबद्दल: ब्रिटिश कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा किंवा वास्तूचा फोटो काढायला, छापायला, विकायलाही कुणाची परवानगी लागत नाही. भिंतीवरच्या चित्राला ही सूट नाही. छत्रीचा किंवा ओव्हेटचा फोटो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर खुशाल घ्या. रंगवलेल्या भिंतीचा घ्यायचा असेल तर आधी चित्रकाराला विचारा.